‘कॉमनवेल्थ’ : एका शब्दाची मालकी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



शब्द ही कोणाचीच मिरासदारी नसते, असे सहज म्हटले जाते. इतिहासाचा अनुभव मात्र वेगळा आहे. गावच्या गायरानाभोवती एके दिवशी कुंपण उभे राहते, दप्तरी कोणा एकाचे नाव लागते आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे चारणाऱ्यालाच अतिक्रमणाची नोटीस मिळते. शब्दांच्या बाबतीतही हेच घडत असते. इंग्रजीतील ‘कॉमनवेल्थ’ हा जोडशब्द त्याचे ठळक उदाहरण आहे.

मराठी वाचकाला हा शब्द ‘राष्ट्रकुल’ या रूपात भेटतो. वर्तमानपत्रात तो दिसला की राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेचे छायाचित्र किंवा क्रीडास्पर्धांतील पदकांचा तक्ता डोळ्यांपुढे येतो. या शब्दाचा खरा अर्थ काय, या प्रश्नावर कोणे एके काळी माणसांनी प्राण दिले असतील, हे त्यावरून कोणाच्या ध्यानातही येणार नाही. म्हणूनच या शब्दाचा प्रवास मुळापासून पाहिला पाहिजे. एखादी कल्पना शोषितांच्या हातून शासकांच्या हाती कशी जाते, याचा तो धडा आहे.

जोडशब्दाची फोड

‘कॉमन’ म्हणजे सामाईक. ‘वेल्थ’ म्हणजे संपत्ती, असे आज कोणीही सांगेल. परंतु संपत्ती हा त्या शब्दाचा मूळ अर्थ नव्हे. ‘वेल’ म्हणजे बरे, भले. त्याच कुळातून ‘वील’ आणि ‘वेल्थ’ हे शब्द आले. आरोग्यवाचक ‘हेल्थ’ या शब्दाच्या धर्तीवर ‘वेल्थ’ घडला आणि त्याचा आशय होता सुस्थिती, क्षेम. धनधान्य हे त्या क्षेमाचे केवळ एक अंग होते. पुढे अंगानेच संपूर्ण देहाची जागा बळकावली आणि क्षेम म्हणजे पैसा असे समीकरण भाषेतही रूढ झाले. व्यापारी भांडवलशाहीच्या उदयाचा इतिहास एका शब्दाच्या अर्थपालटात असा साठवलेला आहे.

पंधराव्या शतकापासून ‘कॉमन वील’ आणि ‘कॉमन वेल्थ’ हे प्रयोग इंग्रजी राजकारणात वारंवार दिसू लागतात. त्यांना दोन अर्थ होते. एक, सर्वांचे हित. दुसरा, ज्या व्यवस्थेत लोक एकत्र नांदतात ती राज्यसंस्था. लॅटिनमधील ‘रेस पब्लिका’, म्हणजे सार्वजनिक गोष्ट, या संज्ञेचा तो अनुवाद होता. याच लॅटिन संज्ञेवरून ‘रिपब्लिक’ हा शब्दही आला. अर्थात ‘कॉमनवेल्थ’ आणि ‘प्रजासत्ताक’ ही मुळात एकाच घरची भावंडे. हे नाते लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

शासकांना या शब्दाचा दुसरा अर्थ सोयीचा होता, कारण राज्यसंस्था त्यांच्याच हाती होती. शासितांना पहिला अर्थ जवळचा वाटत होता, कारण हित सर्वांचे असेल तर त्यात त्यांचाही वाटा होता. पुढच्या पाच शतकांचे भांडण या दोन अर्थांचे आहे.

‘सामाईक’ या शब्दाची धास्ती

या भांडणाची चाहूल सर्वांत आधी एका दरबारी विद्वानाला लागली. १५३१ साली सर टॉमस एलियट याने राज्यकर्त्यांच्या शिक्षणावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने असा आग्रह धरला की ‘रेस पब्लिका’चे भाषांतर ‘पब्लिक वील’ असे करावे, ‘कॉमन वील’ असे करू नये. कारण ‘कॉमन’ म्हटले की सामान्य रयतेचे राज्य असा अर्थ निघतो, किंवा सर्व वस्तू सर्वांच्या सामाईक असाव्यात अशी कल्पना डोक्यात शिरते. एलियटची धास्ती व्याकरणापोटी नव्हती, ती जमीनजुमल्यापोटी होती. शब्द मोकळा सोडला तर त्याच्यामागून माणसेही चालू लागतील, हे त्याने अचूक ओळखले होते.

त्यापूर्वीच, १५१६ साली, टॉमस मूर याचा ‘यूटोपिया’ हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. १५५१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. आजूबाजूची राज्ये पाहिली असता सामाईक हिताचे नाव पुढे करून स्वतःचे हित साधणाऱ्या श्रीमंतांचा कट तेवढा दिसतो, अशा आशयाचे विवेचन त्यात आहे. मूर हे हवेत लिहीत नव्हता. लोकरीच्या व्यापारात नफा दिसू लागताच इंग्लंडमधील जमीनदारांनी शेतजमिनी व सामाईक कुरणे कुंपणांनी बंदिस्त करून तेथे मेंढरे सोडली होती आणि कुळे देशोधडीला लागली होती. १५४९ साली नॉर्फोक परगण्यात रॉबर्ट केट याच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी उठले. जमीनदारांनी सामाईक कुरणांवर आपली गुरे घालू नयेत, वेठबिगारांना मुक्त करावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. बंड चिरडले गेले आणि केटला नॉर्विचच्या किल्ल्यावर फाशी देण्यात आले.

शासकवर्गाची भूमिका सर टॉमस स्मिथ याच्या १५८३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्वच्छ दिसते. इंग्लंडच्या कॉमनवेल्थमधील लोकांचे त्याने चार वर्ग केले. चौथ्या वर्गात रोजंदारीवरचे मजूर, गरीब शेतकरी, जमीन नसलेले व्यापारी आणि कारागीर होते. यांना राज्यकारभारात आवाज नाही, यांनी केवळ आज्ञा पाळावयाची, असा त्याचा निर्वाळा आहे. नाव ‘कॉमन’, परंतु ज्यांना ‘कॉमन’ म्हणून हिणवावयाचे त्यांनाच त्यात स्थान नाही!

१६४९ : शब्द राज्यावर बसतो

३० जानेवारी १६४९ रोजी इंग्लंडच्या संसदेने राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद केला. मार्च महिन्यात राजपद आणि सरदारांचे सभागृह कायद्याने रद्द झाले. १९ मे रोजी इंग्लंड हे ‘कॉमनवेल्थ आणि स्वतंत्र राज्य’ असल्याचे जाहीर करण्यात आले. आता या शब्दाला नवा, धारदार अर्थ आला : ज्या राज्याला राजा नाही ते कॉमनवेल्थ.

परंतु त्या घोषणेच्या अवघे दोन दिवस आधी, १७ मे रोजी, बर्फर्ड गावच्या चर्चच्या आवारात तीन सैनिकांना गोळ्या घालण्यात आल्या. हे राजाचे पक्षपाती नव्हते. राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्याच फौजेतील, ‘लेव्हलर’ म्हणजे समतावादी विचारांचे ते शिपाई होते. १६४७ च्या शरद ऋतूत पटनी येथे झालेल्या चर्चेत त्यांच्या साथीदारांनी एक साधा प्रश्न विचारला होता : ज्या सरकारच्या आज्ञा गरिबाने पाळावयाच्या, ते निवडताना त्याची संमती का घेतली जाऊ नये? क्रॉमवेलचा जावई आयर्टन याने उत्तर दिले की ज्याचे या भूमीत कायमचे मालमत्तेचे हितसंबंध आहेत त्यालाच मताचा अधिकार असावा. अन्यथा मालमत्ताच धोक्यात येईल. राजा गेला, पण एलियटची धास्ती कायम राहिली.

त्याच वर्षी १ एप्रिल रोजी सरे परगण्यातील सेंट जॉर्ज टेकडीवर मूठभर गरीब माणसे कुदळी-फावडी घेऊन गेली आणि पडीक सामाईक जमीन खणून तेथे भाजीपाला लावू लागली. इतिहास त्यांना ‘डिगर’ म्हणून ओळखतो. त्यांचा विचारवंत जेरार्ड विन्स्टन्ली हा धंद्यात बुडालेला कापडव्यापारी होता. पृथ्वी ही सर्व मानवांची सामाईक ठेव आहे. राजाचे मुंडके उडवून जमीनदाराची सत्ता तशीच ठेवली तर राजसत्ता गेली असे म्हणता येणार नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. कॉमनवेल्थ म्हणविणाऱ्या राज्यात जमीन सामाईक का नाही, हा त्याचा प्रश्न होता. १६५२ साली त्याने आपल्या आदर्श राज्याचा आराखडा खुद्द क्रॉमवेललाच अर्पण केला. उत्तर मात्र त्याआधीच मिळाले होते : पिके तुडवली गेली, झोपड्या जाळल्या गेल्या, वर्षभरात वसाहत उठवली गेली.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. याच कॉमनवेल्थच्या फौजेने सप्टेंबर १६४९ मध्ये आयर्लंडमधील ड्रॉइडा येथे भीषण कत्तल केली आणि पुढे आयरिश जमिनी मोठ्या प्रमाणावर जप्त करून सैनिकांना व सावकारांना वाटून दिल्या. राजाशिवायचे राज्य आपोआप लोकांचे होत नाही, आणि स्वदेशातले स्वातंत्र्य परदेशातल्या लुटीला आडकाठी करतेच असे नाही. १६५३ साली क्रॉमवेल कॉमनवेल्थचा ‘संरक्षक’ झाला; १६६० साली राजा परत आला. त्यानंतर ‘कॉमनवेल्थमन’ ही कित्येक दशके शिवी होती.

समुद्रापार

शब्द शिवी झाला तरी मेला नाही. त्याने समुद्र ओलांडला. अमेरिकन क्रांतीत व्हर्जिनिया, पेन्सिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांनी व पुढे १७९२ मध्ये केंटकीने स्वतःला कॉमनवेल्थ म्हणवून घेतले. त्यांपैकी व्हर्जिनिया आणि केंटकी ही गुलामांच्या श्रमावर चालणारी राज्ये होती. १ जानेवारी १९०१ रोजी ऑस्ट्रेलियाचे संघराज्य ‘कॉमनवेल्थ’ याच नावाने अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी त्याने गोऱ्यांव्यतिरिक्त इतरांना दारे बंद करणारा स्थलांतर कायदा केला. देशाच्या लोकसंख्येची गणती करताना मूळनिवासींना वगळावे, असे कलम त्याच्या संविधानात होते. ते १९६७ च्या सार्वमताने रद्द झाले. अमेरिकेच्या ताब्यातील पोर्टो रिको १९५२ साली ‘कॉमनवेल्थ’ झाले. तेथे राहणारे लोक अमेरिकन नागरिक आहेत, परंतु अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना मत नाही. कुंपण निराळे, पण जमीन बळकावण्याची रीत तीच.

१८८४ : एकच शब्द, दोन वाटा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र या शब्दावर पुन्हा मूळ वारसांनी हक्क सांगितला. १८८४ साली डेन्मार्कहून अमेरिकेत आलेल्या लॉरेन्स ग्रॉन्लुंड याने ‘सहकारी कॉमनवेल्थ’ या नावाचा ग्रंथ लिहून समाजवादाची ओळख तेथील वाचकांना करून दिली. पुढील वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस याच्या संपादकत्वाखाली सोशलिस्ट लीगचे ‘कॉमनवील’ हे पत्र निघाले. कॅनडात १९३२ साली, मंदीच्या होरपळीत, शेतकरी आणि कामगार यांच्या संघटनांनी मिळून ‘को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन’ हा पक्ष स्थापन केला. १९४४ साली टॉमी डग्लस याच्या नेतृत्वाखाली त्याने सस्कॅचेवान प्रांतात सत्ता मिळवली आणि १९६२ साली त्याच प्रांतात सर्वांसाठी सार्वजनिक वैद्यकीय विमा सुरू झाला. पुढे संपूर्ण कॅनडाने तो मार्ग स्वीकारला. आजाऱ्याच्या खाटेपाशी त्याच्या खिशाची चौकशी होऊ नये, हा ‘वेल्थ’चा जुना, ‘हेल्थ’शी नाते सांगणारा अर्थ तेथे काही काळ तरी खरा झाला. ब्रिटनमध्ये १९४२ साली ‘कॉमन वेल्थ’ नावाचा लहानसा समाजवादी पक्ष निघाला. या पक्षाने दोन शब्द मुद्दाम सुटे लिहिले होते.

परंतु ज्या वर्षी ग्रॉन्लुंडचा ग्रंथ आला त्याच वर्षी, १८८४ च्या जानेवारीत, लॉर्ड रोझबेरी या ब्रिटिश मुत्सद्द्याने ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथील भाषणात ब्रिटिश साम्राज्याला ‘राष्ट्रांचे कॉमनवेल्थ’ असे संबोधले. साम्राज्य या शब्दाला रक्ताचा वास येऊ लागला होता; त्यावर हे अत्तर होते. १९१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या जनरल स्मट्सने तोच प्रयोग उचलून धरला. १९२१ च्या अँग्लो-आयरिश तहात तो अधिकृत झाला, १९२६ च्या बाल्फोर जाहीरनाम्याने आणि १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने त्याला घटनात्मक आकार आला. या समान दर्जाच्या पंक्तीत कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका बसले. हिंदुस्थान बाहेर उभा होता. दक्षिण आफ्रिकेतील बहुसंख्य काळे लोकही बाहेरच होते.

हिंदुस्थानात या शब्दाविषयी भाबडी आशा नव्हती असे नाही. अ‍ॅनी बेझंट यांनी १९१४ साली ‘कॉमनवील’ नावाचे साप्ताहिक काढले. त्यांच्या पुढाकाराने तयार झालेले ‘कॉमनवेल्थ ऑफ इंडिया’ विधेयक १९२५ साली मजूर पक्षाचे जॉर्ज लॅन्सबरी यांनी ब्रिटिश संसदेत मांडले. ते पुढे सरकले नाही. १९२९ च्या लाहोर काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला तेव्हा साम्राज्यांतर्गत समान दर्जाचे ते स्वप्न मागे पडले होते.

तीनशे वर्षांचे वर्तुळ

एप्रिल १९४९ मध्ये लंडनला पंतप्रधानांची परिषद भरली. भारत प्रजासत्ताक होणार होता आणि तरीही कॉमनवेल्थमध्ये राहू इच्छीत होता. प्रजासत्ताकाला कॉमनवेल्थमध्ये राहता येईल काय, असा प्रश्न मुत्सद्द्यांना पडला. ज्या दोन शब्दांचे मूळ एक, त्यांचे एकमेकांशी जमेल की नाही, याची चर्चा व्हावी, यापेक्षा मोठा उपहास कोणता? तोडगा असा निघाला की इंग्लंडचा राजा हा स्वतंत्र राष्ट्रांच्या मुक्त सहवासाचे प्रतीक आणि त्या अर्थाने ‘प्रमुख’ राहील. ‘ब्रिटिश’ हे विशेषण गळाले. १६४९ च्या मे महिन्यात ज्या शब्दाचा अर्थ राजा नसलेले राज्य असा होता, त्याच शब्दाचा अर्थ १९४९ च्या मे महिन्यात, भारताच्या संविधान सभेने या निर्णयाला मान्यता दिली तेव्हा, राजा प्रमुख असलेला राष्ट्रसमूह असा झाला होता.

संविधान सभेत हसरत मोहानी व शिब्बनलाल सक्सेना यांनी विरोध केला. समाजवाद्यांचाही या सदस्यत्वाला विरोध होता. नेहरूंची बाजू अशी होती की या संबंधाने भारताच्या सार्वभौमत्वाला बाध येत नाही आणि व्यवहारात लाभ आहे. दोन्ही बाजूंना न्याय द्यावयाचा तर म्हणावे लागेल की सार्वभौमत्व गेले नाही, हे खरे ठरले. १९६१ साली वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेला बाहेर पडावे लागले, त्यात आशियाई व आफ्रिकी सभासदांच्या दडपणाचा वाटा होता, हेही खरे. पण ‘सामाईक’ या शब्दाची कसोटी परिषदांत लागत नाही. ती दारात उभ्या असलेल्या माणसापाशी लागते.

१९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यानुसार कॉमनवेल्थच्या नागरिकाला ब्रिटनमध्ये येण्याचा हक्क होता. युद्धोत्तर ब्रिटनला बसचालक, परिचारिका, गिरणीकामगार हवे होते, तोवर तो टिकला. काळी-सावळी माणसे संख्येने येऊ लागताच १९६२ साली हुजूर पक्षाने तो आखडता घेतला. आणि १९६८ साली केनियातील भारतीय वंशाचे लोक ब्रिटिश पासपोर्ट हाती घेऊन येऊ लागले, तेव्हा ज्याचा बाप किंवा आजा ब्रिटनमध्ये जन्मला त्यालाच मुक्त प्रवेश, असा कायदा तीन दिवसांत मंजूर करून घेणारे सरकार मजूर पक्षाचे होते. समाजवादाचे नाव घेणाऱ्यांनी ही नोंद विसरू नये. सामाईकपणाची हद्द कातडीच्या रंगापाशी आखणारे केवळ उजवेच असतात, असे नाही.

आज या संघटनेत ५६ देश आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सामोआ येथे झालेल्या परिषदेच्या निवेदनात, गुलामांच्या व्यापाराबद्दलच्या भरपाईच्या न्यायावर चर्चेची वेळ आली आहे, असे सभासदांनी नमूद केले. ‘वेल्थ’ कोणाची आणि ती कोठून आली, हा प्रश्न सामाईक या शब्दाने इतकी वर्षे झाकून ठेवला होता. तो अखेर टेबलावर आला.

आपल्या भाषेत

‘राष्ट्रकुल’ हा मराठी पर्याय राष्ट्रांच्या समूहापुरता ठीक आहे. परंतु त्यात ‘सामाईक’ही नाही आणि ‘क्षेम’ही नाही, आहे ते कुल. कुल म्हटले की वडीलधारे आले, मानपान आला, आणि घरातल्या भांडणाची वाच्यता न करण्याचा दंडकही आला. भाषांतरात शब्दाचा लढाऊ वारसा गळून पडला. तो वारसा शोधावयाचा तर मराठीतील दुसऱ्याच एका शब्दाकडे वळावे लागेल. तो शब्द म्हणजे ‘सार्वजनिक’. महात्मा फुले यांनी आपल्या अखेरच्या ग्रंथाच्या नावातच हा शब्द ठेवला. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त कोणा एका जातीची मालकी नसलेल्या धर्माची मांडणी आहे.

आणि ‘सार्वजनिक’ची परीक्षा महाराष्ट्राने महाडला पाहिली. १९२३ च्या मुंबई विधिमंडळाच्या ठरावानंतर १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर ते सामाईक झाले. पाणी मात्र २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह प्राशन केले, तेव्हा स्पर्शिले गेले. तळे सार्वजनिक नाहीच, असा दावा स्पृश्यांनी न्यायालयात लावला आणि त्याचा अंतिम निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. एलियट आणि आयर्टन यांची भाषा महाडच्या काठावरही बोलली गेली, एवढाच याचा अर्थ.

हा वाद संपलेला नाही. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सामाईक हिताला पोषक होईल अशा रीतीने विभागले जावे, असे संविधानाचे ३९ (ख) हे कलम राज्याला सांगते. खासगी मालकीची साधनेही यात येतात, असा अर्थ न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ साली मांडला होता. मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या संपादनातून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय दिला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही; साधनाचे स्वरूप, त्याची टंचाई, मूठभरांच्या हाती झालेले त्याचे केंद्रीकरण आणि समाजावरील परिणाम पाहून ते ठरवावे लागेल. या निकालाचे स्वागत मालमत्ताधारकांनी केले, हे स्वाभाविक होते. परंतु त्याने दार पूर्ण लावलेले नाही. टंचाई कोठे आहे आणि केंद्रीकरण कोणाच्या हाती आहे, हे पुराव्यानिशी दाखविण्याचे काम आता चळवळीवर येऊन पडले आहे.

पाणी, गायरान, जंगल, शहरातील जमीन, रुग्णालय, शाळा : यांपैकी प्रत्येकाबाबत दोन प्रश्न विचारावे लागतील. हे सामाईक आहे काय? आणि सामाईक असेल तर त्या ‘सर्वां’त कोणाला वगळले आहे? पहिलाच प्रश्न विचारून थांबणाऱ्यांनी ड्रॉइडा घडविले, ऑस्ट्रेलियाचा स्थलांतर कायदा केला आणि १९६८ चा कायदा तीन दिवसांत मंजूर केला. गायरान गावाचे म्हणताना त्यावर पोट भरणारा भूमिहीन गावात धरला आहे की नाही, हे पाहिल्यावाचून ‘सामाईक’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कार्यकर्त्याला नाही.

बर्फर्डच्या आवारात पडलेल्या तीन शिपायांना ज्या अर्थाची आस होती तो अर्थ कोणत्याही राज्याच्या नावाच्या पाटीवर आजवर उतरलेला नाही. तो जेथे थोडाफार उतरला, तेथे तो सस्कॅचेवानच्या दवाखान्यात आणि महाडच्या तळ्यावर उतरला, आणि दोन्ही ठिकाणी तो कोणी दिला नाही, मिळवावा लागला.